बावीस मिनिटांचा गव्हर्नर

नायब गव्हर्नर करतो तरी काय, हा प्रश्न मला त्यांच्या कार्यालयातल्या चिटणीसपणाच्या अडतीस वर्षांत किती जणांनी विचारला याची मोजदाद नाही. शेजारणींनी विचारला. दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात हत्यार घालून विचारला. पाद्रीबुवांनी तर चर्चच्या दारात, माझा हात हातात धरून, जणू कोणी वारल्यासारखा विचारला. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "रोज सकाळी फोन करून गव्हर्नरसाहेबांची तब्येत विचारतात." लोक हसायचे आणि मी सुटायचे.

खरं सांगायचं तर कामं तीन. सिनेटमध्ये उंच खुर्चीत बसून लाकडी हातोडी आपटायची. मतं समसमान पडली तर आपलं एक मत टाकायचं. आणि गव्हर्नर वारला, अंथरुणाला खिळला किंवा राज्याच्या हद्दीबाहेर गेला, तर नवा येईपर्यंत किंवा तो परतेपर्यंत त्याच्या जागी बसायचं. चौथं काम कुठं लिहिलेलं नाही, पण ते चुकवलं तर लोक माफ करणार नाहीत. मे महिन्यात मासेमारीचा हंगाम उघडतो त्या शनिवारी गव्हर्नर तळ्यात गळ टाकायला जातो आणि नायब गव्हर्नर काठावर उभा राहून गावाला पॅनकेक करून वाढतो. ही रीत कोणी पाडली ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. शोधलं नाही असं कोणी म्हणू नये.

शोधलं, कारण १९६० साली राज्याच्या शताब्दी समितीने मला पुस्तिका लिहायला सांगितली, 'नायब गव्हर्नर कार्यालयाचा इतिहास'. वीस पानं. समितीचे अध्यक्ष वर म्हणाले, "वर्नाबाई, दहाच भरली तरी चालेल. उरलेल्या जागेत चित्रं घालू." माझं डोकंच फिरलं. त्याच दुपारी मी तळघराची किल्ली घेतली आणि जुन्या पेट्या उघडायला बसले.

तेव्हा आमचे नायब होते ओर्विल लुंडीन. सहकारी डेअरीत बावीस वर्षं लोणी केलेला माणूस. हात सुपाएवढे, आवाज मात्र मऊ. गव्हर्नर होते एमेट ग्राट्झ, उंच, सुकलेले, ओठ कायम मिटलेले. दोघं दोन पक्षांचे. आमच्याकडे दोघांना लोक वेगवेगळं निवडून देतात, त्यामुळे एका घरात दोन जावा नांदाव्यात तसं चालायचं. भांडण नाही, पण कपाटाला कुलूप.

ग्राट्झ साहेबांचं कुलूप म्हणजे हद्द. सहा वर्षांत त्या माणसाने राज्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आपण बाहेर गेलो की मागे दुसऱ्या पक्षाचा माणूस खुर्चीत बसणार, ही धास्ती. सख्ख्या भाचीचं लग्न नदीपलीकडच्या गावात होतं, तर साहेब अलीकडच्या काठावर खुर्ची टाकून बसले आणि पलीकडे बँड वाजला तसा पेला उंचावला. केक होडीतून आणवला. मी तो फोटो बघितलाय, खोटं सांगत नाही.

तर पेट्या. तिसऱ्या पेटीत मला कोर्टाचा एक कागद मिळाला. ऑक्टोबर १९३१. सिनेटच्या खिडकीतून एक वीस वर्षांचा पोरगा रात्री आत शिरला आणि नायब गव्हर्नरची हातोडी घेऊन गेला. मित्रांशी पैज लागली होती. दोन दिवसांनी शिपाई त्याच्या घरी पोचले, तेव्हा त्याची आई त्या हातोडीने अक्रोड फोडत बसली होती. तिला वाटलं, पोराने बाजारातून आणली. सरकारी इमारत फोडली म्हणून आठ महिने तुरुंग, आणि मताचा हक्क गेला तो जन्मभरासाठी. नाव आल्विन क्रोकेन, गाव टॅमरॅक नॅरोज.

मी कागद घेऊन वर गेले. लुंडीनसाहेबांनी वाचला, मग खणातून हातोडी काढली आणि उजेडात फिरवून बघितली. एका बाजूला बारीकशी खोक होती. मी रोज ती पुसायचे, कधी मनात आलं नाही की कशाची.

"ही त्याच्या आईची?" त्यांनी विचारलं.

"अक्रोडाची," मी म्हणाले.

"तीन वर्षं मी ही आपटतोय, वर्नाबाई. आणि त्या माणसाला अजून मत नाही?"

"कायदा तसा आहे."

त्यांनी हातोडी खणात ठेवली, पण खण लावला नाही. म्हणाले, "भेटून या त्याला. इतिहास लिहिताय ना."

टॅमरॅक नॅरोज म्हणजे उत्तरेचं शेवटचं गाव. समोर तळं, तळ्याच्या मधोमध पिवळ्या पिंपांची ओळ, त्या ओळीपलीकडे दुसरं राज्य. आल्विन क्रोकेन होड्या दुरुस्त करायचा. एकोणपन्नास वर्षांचा, टक्कल पडलेला, हाताला डांबराचा वास. मी कोण ते सांगितल्यावर आधी त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "हातोडी परत केली होती मी, बाई."

"माहीत आहे. मीच पुसते ती."

तेव्हा हसला आणि सगळी गोष्ट सांगितली, पँट खिडकीत अडकून फाटली होती त्यासकट. आई मरेपर्यंत म्हणायची म्हणे, की तितकी छान हातोडी पुन्हा मिळाली नाही. मी हसून हसून लिहून घेतलं. मग त्याची मुलगी कॉफी घेऊन आली. कारिन नाव, पंचवीस वर्षांची, बापासारखीच रुंद खांद्याची. मी सहज विचारलं, तू काय करतेस. ती म्हणाली, "शाळेच्या मंडळावर निवडून येत नाही, ते करते."

गावच्या शाळेला दोनच वर्ग उरले होते आणि ती बंद करून मुलांना दूरच्या गावी धाडायचं मंडळात चाललं होतं. कारिनला ते नको होतं, म्हणून ती जूनमध्ये उभी राहिली. समोर रूबेन स्टाडे, किराणा दुकानदार. कारिनला मतं पडली एकसष्ट, स्टाडेला एकसष्ट. आमच्याकडे अशा वेळी दोन चिठ्ठ्या टाकून एक काढतात. कॉफीच्या डब्यात टाकल्या. स्टाडेची निघाली.

"बाबा बाहेर ट्रकमध्ये बसले होते," कारिन म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

आल्विन त्याच्या होडीचा रंग खरवडत होता. बराच वेळ खरवडल्यावर म्हणाला, "आत असतो तर बासष्ट झाली असती." माझ्याशी नाही, होडीशी बोलला. "जागा वर्षाचीच असते, पुढच्या जूनला परत निवडणूक. पोरगी परत उभी राहणार. मी परत ट्रकमध्ये."

परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही. पैजेपायी पोराने हातोडी उचलली, आईने चार अक्रोड फोडले, आणि तीस वर्षांनंतर माणूस आपल्याच मुलीला मत देऊ शकत नाही, हे मला सहन होईना.

मत परत मिळायला एकच वाट होती, गव्हर्नरची माफी. मी अर्ज टाइप केला, लुंडीनसाहेबांनी शिफारस जोडली आणि मी स्वतः ग्राट्झ साहेबांकडे घेऊन गेले. त्यांनी उभ्यानेच वाचला.

"वर्नाबाई, मी तीन निवडणुका एक गोष्ट सांगून जिंकलोय. माझ्या हातून एकाही गुन्हेगाराला माफी नाही."

"साहेब, हातोडी होती. आई अक्रोड फोडत होती तिने."

"एक दिली की हजार अर्ज येतात. आणि प्रत्येकात कोणाची तरी आई असते." त्यांनी कागद परत दिला. मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारलं, "त्या पोरीच्या निवडणुकीत मतं किती किती लिहिलीत?"

"एकसष्ट, एकसष्ट."

ते खिडकीकडे वळले. "माझ्या हातून होणार नाही," एवढंच म्हणाले. मी दार जरा जोरात लावलं. नोकरी होती म्हणून जरा, नाहीतर चौकटीसकट काढलं असतं.

चौथ्या पेटीत मात्र माझं नशीब होतं. १८९३ साली आमचे एक गव्हर्नर आगगाडीने पश्चिमेकडे निघाले आणि रूळ शेजारच्या राज्याच्या एका कोपऱ्यातून जात होते, जेमतेम अकरा मैल. तेवढ्या चाळीस मिनिटांत मागे नायबांनी एका विधवेच्या जमिनीच्या कागदावर सही केली. गव्हर्नर चिडून कोर्टात गेले. मी तर फक्त गाडीत झोपलो होतो, म्हणाले. कोर्टाने सांगितलं, झोपेत ओलांडली काय नि जागेपणी ओलांडली काय, हद्द ती हद्द. सही पक्की.

मी तो निकाल लुंडीनसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. "पण हा बाहेर जातच नाही ना, वर्नाबाई. भाचीच्या लग्नाला गेला नाही."

"जाईल. माणूस आहे."

"आणि गेला तर? त्याच्या पाठीमागे करायचं?"

"अहो साहेब, आपल्या कार्यालयाचं काम काय आहे? त्याच्या पाठीमागेच करायचं असतं."

मी माफीचा कागद टाइप केला, फक्त तारीख, वेळ आणि सही मोकळी ठेवली, आणि पर्समध्ये टाकला. सात महिने तो माझ्या पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी राहिला. आल्विनला एक शब्द सांगितला नाही. उगाच आशा लावून ठेवायची आणि मग काय तोंड दाखवायचं.

मग मे उजाडला. त्या वर्षी हंगाम टॅमरॅक नॅरोजलाच उघडायचा होता. सकाळी आठला अख्खं गाव आगीच्या बंबाच्या शेडपुढे जमलं होतं. तिन्ही मोठे तवे पेटले होते, चर्चच्या बायका कॉफीच्या किटल्या फिरवत होत्या, बँडवाले सुरांशी झटत होते. लुंडीनसाहेब पांढरा एप्रन बांधून तव्याशी. त्यांचा पॅनकेक कधी फाटायचा नाही. लोण्याचा हात, दुसरं काय.

गव्हर्नरसाहेब होडीत बसून गेले. होडी हाकायला तोइव्हो होता, तळ्यावरचा जुना माणूस, दिवसाला दहा शब्द बोलणारा. बऱ्याच मागे वर्तमानपत्रवाल्यांच्या दोन होड्या. आणि बंबाच्या शिडीवर चढून बसला होता बंबवाल्यांचा मुख्य, आयनर. एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात भोंगा. मासेमारीचं वर्णन तो करायचा, दर वर्षी. न केलं तरी चालतं, पण त्याला कोण सांगणार.

"गव्हर्नरसाहेबांनी गळ टाकला," भोंग्यातून आवाज आला. "गव्हर्नरसाहेब बसलेत. गव्हर्नरसाहेबांनी नाक शिंकरलं."

"आयनर, जेव की जरा," खालून कोणीतरी ओरडलं.

असं तासभर चाललं. मी न्यायाधीश होल्गर यांच्याशेजारी बसून खात होते. जिल्ह्याचे न्यायाधीश, पाच पॅनकेक झाले होते, सहावा चालू होता. आल्विन ताट घेऊन रांगेत उभा होता, कारिन कॉफी ओतत होती. तेवढ्यात आयनरचा आवाज चढला.

"साहेबांना मासा लागला. काठी वाकली बघा. मोठा आहे, मोठा आहे. होडी चालली त्याच्यामागे. अरे, कुठं चालली? तोइव्हो, पिंपं आहेत पुढं..."

माझ्या हातातला काटा खाली पडला.

"पिंपांपाशी आले," आयनर म्हणाला. "साहेब उभे राहिले. साहेब काही सोडत नाहीत. आणि... गेले. लोकहो, आपले गव्हर्नर दुसऱ्या राज्यात गेले."

बँड थांबला. सगळ्यांची तोंडं एकदम तव्याकडे वळली. लुंडीनसाहेब कालथ्यावर पॅनकेक घेऊन तसेच उभे. शेडच्या घड्याळात नऊ वाजून चार मिनिटं झाली होती, ती मी आधी लिहून घेतली. मग पर्स उघडली.

"साहेब," मी म्हणाले, "आपण गव्हर्नर आहात."

"मी पॅनकेक करतोय," ते म्हणाले.

"तो मी बघते. सही करा."

लोकांच्या डोक्यात उजेड पडायला फार वेळ लागला नाही. एकजण पुढे घुसला, "साहेब, आमच्या पुलाचं तेवढं." दुसरा म्हणाला, "माझं शिकारीचं लायसन अडकलंय, दोन मिनिटांचं काम." स्टाडे दुकानदारसुद्धा ताट घेऊन पुढे आला, त्याला दुकानापुढे दिव्याचा खांब हवा होता. लुंडीनसाहेबांनी कालथा वर केला आणि सगळे मागे सरकले.

त्यांनी न्यायाधीशांकडे बघितलं. "होल्गर, हे चालतं का?"

न्यायाधीशांनी तोंड पुसलं. "वर्ना, तो जुना निकाल कुठल्या सालचा म्हणालीस?"

"अठराशे त्र्याण्णव. आगगाडी. चाळीस मिनिटं."

"मग चालतं," ते म्हणाले आणि पाकाची बाटली पुढे ओढली.

तरी साहेब हलेनात. मला कळत होतं त्यांच्या मनात काय आहे. प्रामाणिक माणूस, दुसऱ्याच्या खुर्चीत बसायची लाज. आयनर शिडीवरून सांगत होता की मासा अजून ओढतोय, पण मासा काय, कधीही सुटेल. मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "साहेब, हातोडीवरची खोक आठवा."

त्यांनी एप्रनला हात पुसले. "एकच कागद," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फक्त हा एक. आणि ग्राट्झना मी स्वतः सांगणार." मग मला म्हणाले, "मोठ्याने वाचा, वर्नाबाई. चोरून काही नको."

मी वाचलं. आल्विन क्रोकेन, राहणार टॅमरॅक नॅरोज, याला १९३१ च्या गुन्ह्याची पूर्ण माफी, आणि त्याचे सगळे नागरी हक्क आजपासून परत. माझा आवाज मधेच चिरकला, पण मी रेटून नेलं. साहेबांनी तव्याशेजारच्या फळीवर कागद ठेवून सही केली. कोपऱ्यात पिठाचा अंगठा उमटला, तो आजही आहे. न्यायाधीशांनी साक्षीदार म्हणून सही केली, मी पर्समधून कार्यालयाचा शिक्का काढून मारला.

आल्विन रांगेत होता तसाच उभा होता. ताटातला पॅनकेक घरंगळून त्याच्या बुटावर पडलेला त्याला कळला नव्हता.

"मला?" तो म्हणाला. "आता म्हणजे, जूनमध्ये मी..."

"शाळेत आत जायचं, आणि मत द्यायचं," मी म्हणाले. "ट्रकमध्ये बसायचं नाही."

कारिनने किटली खाली ठेवली आणि बापाच्या गळ्यात पडली. दोघं इतके धिप्पाड की शेजारचं टेबल हललं. मग जो आवाज झाला, तो टाळ्यांचा की बँडचा मला सांगता येणार नाही. बँडवाल्यांनी काय वाजवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी तव्याशी गेले. पॅनकेक जळला होता. तो मी खाल्ला, आणि तितका चांगला पॅनकेक मी जन्मात खाल्लेला नाही.

नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी आयनरने सांगितलं, मासा सुटला, साहेब परत आले. बावीस मिनिटं.

होडी काठाला लागली. लुंडीनसाहेब एप्रन न सोडताच धक्क्यावर गेले. "ग्राट्झसाहेब, तुम्ही हद्दीबाहेर होता तेव्हा मी एका कागदावर सही केली." आणि कागद पुढे धरला.

ग्राट्झ साहेबांनी चष्मा लावला. सावकाश वाचला. पिठाच्या अंगठ्यापाशी थोडं थांबले.

"बावीस मिनिटं अख्खं राज्य तुमच्या हातात होतं, लुंडीन," ते म्हणाले. "आणि एवढंच केलंत?"

"मध्ये पॅनकेकही होते."

"उरलेत का?"

"पीठ आहे अजून."

"मग चार द्या," गव्हर्नर म्हणाले आणि जाऊन बाकावर बसले. वर्तमानपत्रवाल्यांनी गराडा घातला. साहेब, मासा केवढा होता? त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवला. तेवढा मासा आमच्या तळ्यात कोणी कधी बघितला नव्हता. "असा मासा सोडून द्यायचा का हद्दीसाठी?" ते म्हणाले. "मीही माणूस आहे." ऐकून मला ठसकाच लागला.

दुपारी मी तोइव्होला गाठलं. तो होडी धूत होता. पुस्तिकेसाठी नोंद हवी, म्हटलं, मासा कुठला होता, पाईक की आणखी काही?

"लिहिणार?" त्याने विचारलं.

"लिहिणार."

"मग पाईक लिहा."

त्याने बादलीभर पाणी ओतलं. मी हलले नाही. शेवटी तो म्हणाला, "गळ आमच्याच नांगराच्या दोरीला अडकला होता. मी सोडवायला वाकलो, तर साहेब म्हणाले, तोइव्हो, मासा मोठा आहे, जाऊ दे पुढं. मी म्हणालो, साहेब, पिंपं आली. ते म्हणाले, दिसतायत मला." तोइव्होने बादली पालथी घातली. "पलीकडे गेल्यावर खाली बसले आणि घड्याळ काढलं. मला विचारलं, पीठ लावलेल्या हाताने माणसाला सही करायला किती वेळ लागत असेल. मी म्हणालो, वीस मिनिटं. ते म्हणाले, अजून दोन देऊ."

सात महिने मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते सगळं आठवलं. माझ्या हातून होणार नाही, असं म्हणाले होते. त्यांच्या हातून झालंही नाही. मी वही काढली आणि लिहिलं, पाईक, फार मोठा.

जूनमध्ये मी मुद्दाम रजा काढून टॅमरॅक नॅरोजला गेले. मतदान शाळेतच होतं. आल्विन नवीन शर्ट घालून सर्वात आधी हजर. वर्गाच्या एका टोकाला पडद्यामागे टेबल, टेबलावर दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि दाराशी यादी घेऊन आग्डा रोन, ऐंशी वर्षांच्या. त्यांनी त्याचं नाव यादीत शोधलं, सापडलं, तरी मुद्दाम बोट ठेवून दोनदा वाचलं. तो पडद्यामागे गेला. एक मिनिट झालं, तीन झाली. रांग बाहेर अंगणापर्यंत गेली.

"आल्विन," आग्डाबाई म्हणाल्या, "एक फुली मारायचीय. होडी बांधायची नाही."

तो बाहेर आला, डोळे लाल. चिठ्ठी पेटीत टाकली आणि निघाला.

"आणि पेन्सिल तिथंच ठेव हं," आग्डाबाई म्हणाल्या.

तीस वर्षांत त्या गावात त्याच्यासमोर कोणी चोरीचा विषय काढला नव्हता. मग आल्विनने दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले आणि इतक्या जोरात हसला, की अंगणातले लोकही काय झालं ते कळण्याआधीच हसायला लागले.

संध्याकाळी मोजणी झाली. आग्डाबाई एकेक चिठ्ठी उलगडून वाचत होत्या. मधेच थांबल्या. चिठ्ठी उजेडात धरली. कारिनच्या नावापुढची फुली इतकी दाबून मारलेली, की कागद फाटून आरपार भोक पडलं होतं. कोणाची ते सांगायची गरज नव्हती. आल्विन भिंतीशी उभा होता, त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"फाटकी चिठ्ठी बाद करता येते," आग्डाबाई म्हणाल्या. "समोरच्या उमेदवाराची हरकत असेल तर. रूबेन, बोल."

रूबेन स्टाडे पुढे आला. चिठ्ठी हातात घेतली, भोकातून एकदा कारिनकडे बघितलं, एकदा तिच्या बापाकडे. पॅनकेकच्या दिवशी त्याचा दिव्याचा खांब झाला नव्हता, हे मला बरोबर आठवत होतं.

"मोजा, आग्डाबाई," तो म्हणाला. "ही सगळ्यात आधी मोजा."

कारिनला एकाहत्तर पडली, स्टाडेला छप्पन्न. शाळा अजून चालू आहे. पुस्तिकेची पानं मात्र एकवीस झाली, आणि समितीच्या अध्यक्षांना मी एकही चित्र घालू दिलं नाही.